आसारी धरणारी

उज्वलाच्या तोंडी लागू नये, हे येवल्यातल्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भांडण कुणाचंही असो, शेवटचा शब्द हिचा. नळाच्या रांगेत कुणी मध्येच घुसलं की म्हाताऱ्या बायासुद्धा म्हणायच्या, "थांब, मोतीरामच्या उजीला हाक मारते." आणि पाठ वळली की त्याच बाया कुजबुजायच्या, "हिचं सासरी कसं व्हायचं गं बाई!" उज्वलाची आई कुसाबाई हे ऐकून घ्यायची, घागर उचलायची आणि चालू लागायची. ती जन्माचीच अबोल. आईच्या वाटणीचं बोलणंही लेकीनंच घेतलं असावं.

अशी ही तोंडाळ पोरगी वर्षातले तीन दिवस मात्र अवाक्षर न काढता भावाच्या पाठीमागे उभी असायची.

येवल्याची संक्रांत तुम्ही पाहिली नसेल तर सांगायलाच हवं. तिळगूळ आणि हळदीकुंकू काय, सगळीकडेच असतं. इथं भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस अख्खं गाव गच्चीवर. दुकानं बंद, माग बंद, डफासारख्या हलकडीचा ताल चाललेला, आणि वर आभाळात पतंगांची नुसती कत्तल. मांजा गुंडाळायला इथं आसारी लागते. बांबूच्या कामट्यांची, मधून दांडा गेलेली मोठी फिरकी म्हणजे आसारी. कुणी पठ्ठ्या आसारी आणि पतंग एकट्यानंच सांभाळतो. पण उज्वलाचा थोरला भाऊ गोरक्ष याला दोन्ही हात मोकळे लागत, कारण तो स्वतःला गल्लीतला सगळ्यात मोठा पतंगबाज समजायचा. खोटं कशाला बोला, होताच तो. मग आसारी धरायची उज्वलानं. तिच्या आधी मोतीरामच्या मागे आसारी धरून कुसाबाई उभी राहिली होती, आणि त्याच्याही आधी माहेरी स्वतःच्या भावांच्या मागे. येवल्यात बायका पतंग उडवत नाहीत असं नाही हो, चांगल्या हिरिरीनं उडवतात. मोतीरामच्या घरात मात्र बाईच्या हातात आसारीच.

गोरक्षनं "ढील!" म्हटलं की उज्वलानं हात सैल सोडायचे. आसारी गरगर फिरायची आणि मांजा सरसरत वर जायचा. "धर!" म्हटलं की दाबून धरायची. समोरच्याचा पतंग काटला की गल्ली एका सुरात ओरडायची, "वकाट!" आणि मित्र गोरक्षला खांद्यावर घ्यायचे. उज्वलाच्या बोटांवर मांजाच्या काचेचे ओरखडे असायचे, त्यावर ती गुपचूप हळद दाबायची.

ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल. पोरगी तेव्हा पाचवी-सहावीत. एकदा तिनं गोरक्षला विचारलं, "दादा, आपला मांजा आणि त्यांचा मांजा, दोन्ही एकाच दुकानातले. दोन्ही एकमेकांवर घासतात. मग एकच का तुटतो?"

"कारण हात माझा हाय," गोरक्ष म्हणाला.

आता हे काय उत्तर झालं? उज्वलाच्या डोक्यात तिडीक गेली ती तिथंच. तिनं शाळेत गुरुजींना विचारलं. गुरुजींनी फळ्यावर 'घर्षण' असा शब्द लिहिला आणि म्हणाले, पुढच्या इयत्तांमध्ये येईल. पुढच्या इयत्तांमध्ये आला तो टेबलावरून ओढलेला लाकडाचा ठोकळा! सगळी शाळा संपली, नाशकाच्या कॉलेजात जाऊन बी.एस्सी. झाली, तरी ठोकळा काही तिचा पिच्छा सोडीना. अहो, येवल्यात लाकडाचा ठोकळा ओढत कोण बसतं? दोऱ्याचं बोला ना! पण दोऱ्याचं कुणी बोलेना.

कॉलेजला असताना ती पंचवटीत कमळामावशीकडे राहायची. मावशी भाजीबाजारात बसायची, आणि मोतीरामच्या मळ्यातली शेवंती, मेथी, कोथिंबीर तिच्याकडे यायची. माल आणणाऱ्या गाडीनंच घरचे निरोपही यायचे. शेवटच्या वर्षी उज्वला कॉम्प्युटर शिकली आणि मग तिला त्याचं वेडच लागलं. कारण काय, तर ह्या यंत्राला "हात माझा हाय" असलं काही चालत नाही. का तुटतो ते सांगा, मग तो तोडून दाखवतो. नाही सांगता आलं तर ढिम्म बसून राहतो. असा खमका गडी तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता.

दोन हजार तीनमध्ये तिला नोकरी लागली. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत एका बेकरीच्या वर राज सरांचा ऍनिमेशनचा स्टुडिओ होता. दिवसभर खारीचा वास आणि संगणकांची घरघर. राज सर माणूस उमदा, पण कायम घाईत. मुंबईच्या एका कंपनीनं त्यांना मुलांसाठी एक फिल्म करायला दिली होती, आणि त्यात होता पतंगांचा पेच. नायक मुलगा गच्चीवर उभा राहून दुष्ट सावकाराच्या पोराचा काळा पतंग काटतो, असा प्रसंग.

"सोपं आहे," राज सर म्हणाले. "दोरा म्हणजे एक रेघ. जिथं तुटायला हवी तिथं आपण तोडायची. प्रेक्षकाला काय कळतंय?"

"येवल्यातलं पोर बघायला बसलं तर पोट धरून हसेल, सर."

"येवल्यातल्या पोरांसाठी नाही करत आपण."

"मग कुणासाठी करतो? पतंग काय असतो ते ठाऊक नसणाऱ्यांसाठी?" उज्वला म्हणाली. "मला करू द्या. दोन दोरे एकमेकांवर टाकते. कुठला तुटायचा ते दोऱ्यांनाच ठरवू द्या."

राज सर हसले. पण अशी हट्टी माणसं फुकट मिळत नाहीत हेही त्यांना कळत होतं. दुसरी कामं सांभाळून कर म्हणाले, आणि उज्वलानं ते मनावर घेतलं.

आता हे काम म्हणजे काय, ते समजून घ्या. संगणकाला दोरा कळत नाही. त्याला सांगावं लागतं, ही मण्यांची माळ आहे, प्रत्येक मणी शेजारच्याला धरून आहे, वारा आला की हलतो, वजन आलं की ताणतो. एवढं सांगून तिनं दोन माळा आभाळात सोडल्या, तर त्या एकमेकींतून आरपार निघून गेल्या, भुतासारख्या. म्हणजे एकाला दुसरा लागला, हे आधी कळायला हवं. ते शिकवलं, तर लागल्यालागल्या मणी एकमेकांना असे भिरकावायला लागले की माळ फुटून पडद्याबाहेर. संगणक वेळाच्या मोठाल्या ढांगा टाकत होता. दोरे एकमेकांत रुतल्यावर त्याला जाग यायची आणि मग तो धक्का मारायचा. तिनं त्याला बारीक पावलं टाकायला लावली. मग घर्षण. दोऱ्यावर दोरा आधी अडून राहतो, ताण वाढला की घसरतो, घसरताना झिजतो. ह्या तीन गोष्टी सांगायला तिला किती महिने लागले ते विचारू नका. प्रत्येक मण्याला तिनं आयुष्य दिलं. घासलं की आयुष्य कमी, संपलं की दोरा तुटला.

इतकं सगळं झालं, आणि झालं काय? दोन्ही दोरे एकदमच तुटायला लागले. वारा बदला, ताण बदला, काहीही करा. घासघास घासायचे आणि दोन्ही एकाच क्षणी तटकन तुटायचे. दोन्ही पतंग गोते खात खाली. येवल्यात असं कधी होतं का? झालंच तर वर्षानुवर्षं लोक गोष्ट सांगतात.

हे असं अडलेलं असताना आली दोन हजार चारची दिवाळी, आणि दिवाळीला आली झुंबरआत्या.

झुंबरबाई ही मोतीरामची थोरली बहीण. भाऊ तिच्या शब्दाबाहेर नसायचा, आणि गल्लीतली अर्धी लग्नं तिनंच जुळवलेली. ह्या वेळी तिनं इगतपुरीचं स्थळ आणलं होतं. मुलगा रेल्वेत, क्वार्टर मिळालेलं, घरात एकुलता एक. फक्त मुलीनं नोकरी सोडायची.

"का बरं?" उज्वलानं विचारलं. "इगतपुरीहून नाशिकला गाड्या नाहीत का? त्यांचा मुलगाच तर रेल्वेत आहे!"

"अगं, लोक इचारतात, पोरगी काय करती? काय सांगायचं? दोरे घासती?"

गोरक्ष चकल्या खात बसला होता, तो खदखदून हसला. "खरंय आत्याचं. कवाधरनं नाशकात बसून दोरे वळती. एक पतंग काटता आला नाय अजून! हिनं जलमभर आसारी धरली, हिला पेचातलं काय कळणार? आडातच नाय तर पोहऱ्यात कुठून यायचं?"

झालं! पोरगी अशी भडकली की हातातलं फराळाचं ताट तिनं जमिनीवर आपटलंच. "दादा, येत्या संक्रांतीला तुझ्यासमोर पडद्यावर माझ्या मांजानं पतंग काटून दाखवते. बघून तुझ्या तोंडून वकाट निघालं पाहिजे. निघालं तर माझ्या लग्नाचं आणि नोकरीचं मी बघेन, कुणी तोंड घालायचं नाही. नाही निघालं तर तुम्ही म्हणाल त्याच्या गळ्यात माळ घालते, जा!"

मोतीराम भला माणूस, पण शब्दाचा फार पक्का. फुलांचा सौदा तोंडी करायचा आणि भाव पडला तरी मोडायचा नाही, अशी त्याची ख्याती. तो म्हणाला, "पोरी, शब्द दिला का तू?"

"दिला."

"गोरक्षा, तू?"

"दिला की! आपलं काय जातंय?"

झुंबरआत्या खूश. तिनं तिथल्या तिथं करीच्या दुसऱ्या दिवशी पाव्हण्यांना बोलवायचं ठरवूनही टाकलं. कुसाबाईनं सांडलेला फराळ मुकाट्यानं गोळा केला आणि ताट उचलून आत नेलं.

नाशकाला परत येताना एस.टी.त उज्वलाला घाम फुटला. तोंड सुटलं की सुटलं, मग पस्तावायचं, ही तिची जित्याची खोड. पण माघार घेणं तिच्या कुंडलीत नव्हतं. दिवाळी ते संक्रांत असा वेळ तो केवढा! आणि पडद्यावर दोन्ही दोरे अजून एकदमच तुटत होते.

डिसेंबरात राज सरांचा धीर सुटला. "उज्वला, बास झालं आता. आपण प्रसंग करून बघू, त्याचं शूटिंग करू आणि ते बघून हातानं काढू." ऍनिमेशनवाल्यांची ही रीतच असते. चालायचं असेल तर आधी स्वतः चालून बघतात, पडायचं असेल तर पडतात. म्हणून सगळे भर दुपारी बेकरीच्या गच्चीवर गेले. राज सरांनी पतंगाऐवजी गच्चीच्या टोकाला एक पिशवी बांधली, दोऱ्याचं रीळ घेतलं आणि नायकासारखे छाती काढून उभे राहिले. "हं, पेच लागलाय. काय करू?"

"ढील द्या," उज्वला म्हणाली आणि सवयीनं त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिनं रीळ हातात घेतलं. राज सर आपले हात वर करून ओढताहेत, आणि इकडे उज्वलाची बोटं कुणी न सांगता सैल झाली. दोरा सरसरत गेला.

ती हातातल्या फिरणाऱ्या रिळाकडे बघत राहिली. मग तिनं आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! मीच नाही त्यात!"

"कशात?"

"सर, मी दोऱ्याचं टोक नायकाच्या हाताला खिळ्यानं ठोकून टाकलंय! मागे आसारी नाहीच! ढील देणारं कुणी नाहीच!"

बघा, कशी गंमत असते. जन्मभर जिनं आसारी धरली, तीच आसारी विसरली. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती. ज्याच्या मागे कधी कुणी उभं राहिलं, त्याला आपल्या मागे कुणीतरी आहे हे ठाऊक असतं. पण मागे उभं राहणाऱ्याला लहानपणापासून एकच ऐकवलेलं असतं, की पतंग पुढचा माणूस काटतो. आणि वाघासारखी भांडणारी ही पोरगी, तिनंसुद्धा ते निमूट खरं मानलं होतं. ह्याचा तिला इतका राग आला की ती जिना तीन-तीन पायऱ्या उड्या मारत उतरली.

तिनं खिळा उपटला. तिथं एक आसारी ठेवली आणि दोरा सुटेल, अडेल, पुन्हा सुटेल अशी सोय केली. पुढच्या माणसाच्या बोटांमधून तो घसरेल तेवढंच घर्षण बोटांना दिलं. मग दोन्ही पतंग आभाळात सोडले. पेच लागला. काळ्या पतंगाचा दोरा होता तिथंच ताणून राहिला. इकडून ढील सुटली, आणि सुटणारा दोरा थांबलेल्या दोऱ्यावरून सरसर जायला लागला. जाणाऱ्या दोऱ्याचा प्रत्येक मणी क्षणभर घासायचा आणि पुढे निघून जायचा. थांबलेल्या दोऱ्याचे तेच ते मणी मात्र पुन्हा पुन्हा झिजत होते. तुटला! एकच तुटला! काळा पतंग भेलकांडत खाली गेला, आणि आपला डौलात वर.

"वकाट!" उज्वला अशी ओरडली की खालच्या बेकरीतला माणूस भांडण लागलं समजून वर धावत आला.

इतक्या वर्षांनी तिला उत्तर मिळालं होतं. हात कुणाचा ह्याला काही अर्थ नव्हता. जो वाहता राहतो तो टिकतो, जो एका जागी अडून बसतो तो कापला जातो. आणि वाहतं ठेवणारी मागे उभी असते.

लगेच दुसरं भांडण उभं राहिलं. राज सर म्हणाले, "झकास! आता पडद्यावर नुसता नायक दाखवू. आसारी आहे असं समजायचं."

"समजायचं नाही, दाखवायची. मागे मुलगी उभी राहणार."

"मुलगी कथेत नाहीये, उज्वला! नवं पात्र बनवायचं म्हणजे कपडे आले, केस आले..."

"मग माझा दोराही काढा. मुलगी नसेल तर मांजाही नाही. नायकाला म्हणावं, दातानं तोड काळ्या पतंगाचा दोरा!"

राज सरांनी डोक्याला हात लावला. दोन दिवस रुसले. मग "कर बाई तुझ्या मनासारखं" म्हणाले. दोन वेण्या घातलेली, परकरातली एक मुलगी पडद्यावर आली आणि पाय रोवून उभी राहिली.

संक्रांतीच्या दुपारी सगळे जेवायला खाली उतरले, तेव्हा उज्वलानं सी.डी. लावली. टीव्हीसमोर मोतीराम, झुंबरआत्या आणि गोरक्ष. कुसाबाई भाकरी थापता थापता दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच. गोरक्षनं आल्याआल्या ओठ घट्ट मिटून घेतले होते. बँकेच्या तिजोरीला नसेल असं कुलूप!

पतंग वर गेले. पेच लागला. पडद्यावरच्या मुलीनं आसारी सैल सोडली आणि मांजा सुटला.

"ही कोण गं?" कुसाबाईनं हळूच विचारलं.

"तू," उज्वला म्हणाली. "आणि मी."

कुसाबाई पदर तोंडाला लावून नुसती बघत राहिली. तेवढ्यात काळा पतंग काटला गेला. मोतीराम "ओ हो हो!" म्हणून मांडीवर थाप मारून बसला. झुंबरआत्यासुद्धा "अगं माय!" म्हणाली. आणि गोरक्ष? त्याचे ओठ मिटलेलेच होते. पण दोन्ही हात बघा! हवेत वर गेलेले, उजवा झटके देतोय, डावा सोडतोय, जसा काही पतंग त्याच्याच हातात आहे. काळा गेला तशी त्याची मूठ आपोआप आवळली गेली. मग भानावर येऊन त्यानं दोन्ही हात काखेत दाबले.

"बोल!" उज्वला म्हणाली.

"काय बोलू? तोंडातनं काय निघालं का माझ्या? इचार सगळ्यांना."

"हात कुठं होते रे तुझे?"

"हाताची पैज नव्हती. तोंडाची होती. उजे, तू हारली."

असा हा नमुना! झुंबरआत्या लगेच पदर खोचून उठली. "चला, परवा पाव्हणे येणार. घर सारवायला घ्या." उज्वलानं बापाकडे पाहिलं. मोतीरामचा चेहरा पडला होता, पण तो एवढंच म्हणाला, "शब्द तुझाच होता, पोरी." ती रडली का म्हणाल, तर रडली, मोरीत जाऊन, संतापानं. स्वतःच्याच तोंडाचा संताप. पैज लावतानासुद्धा तिनं निकाल पुढच्या माणसाच्याच हाती दिला होता!

दुसऱ्या दिवशी कर. उज्वला सगळ्यांच्या आधी गच्चीवर गेली आणि आसारी हातात घेऊन उभी राहिली. गोरक्ष वर आला, त्याला फार बरं वाटलं. "शाणी झाली आमची बहीण," तो शेजारच्या गच्चीवरच्या दोस्तांना म्हणाला. उज्वला गप्प. तिचं गप्प राहणं बघून खरं तर त्यानं सावध व्हायला हवं होतं.

उन्हं चढली तसा वारा भरला. समोरच्या वत्सलाबाईंचा थोरला म्हणजे गोरक्षचा जुना वैरी. त्याचा लाल पतंग खालून घुसला आणि पेच लागला. गल्लीभर बोंब उठली, हलकडी थांबली, सगळ्या गच्च्यांवरची तोंडं ह्यांच्याकडे वळली. मोतीराम पाण्याच्या टाकीवर चढून बघत होता. कुसाबाई जिन्याच्या तोंडाशी.

"ढील!" गोरक्ष ओरडला.

आसारी हलली नाही.

"ढील दे! उजे, ढील!"

उज्वलानं आसारी पोटाशी आवळून धरली होती. "देते की. आधी तोंड उघड."

"आं?"

"कालचं राहिलंय ते म्हण."

गोरक्षला मागे वळता येईना, हात सोडता येईना. समोरचा ढील देत सुटला होता, आणि ह्याचा मांजा एका जागी कचाकच कापला जात होता. उज्वलाला ते दिसत होतं, अगदी मण्यामण्यानं. "अगं जाईल ना पतंग! गावासमोर नाक कापती का माझं?"

"मग म्हण ना! काल हातांनी म्हणालास, आज तोंडानं म्हण. कोण काटतं पतंग? तू का मी?"

"नाना, बघा हिच्याकडं!"

मोतीराम टाकीवरून आभाळाकडे बघत बसला. त्याला म्हणे काही ऐकूच आलं नाही.

"म्हण, दादा. एकच धागा राह्यलाय."

"वकाट!" गोरक्ष किंचाळला. "वकाट! वकाट! तुझा मांजा वकाट, तुझा कॉम्पुटर वकाट! दे माझे माय, दे आता!"

उज्वलानं हात सैल सोडले. आसारी अशी फिरली की कामट्यांचा आवाज समोरच्या गच्चीपर्यंत गेला. मांजा वाहायला लागला, लाल पतंगाच्या दोऱ्यावरून सरसर सरसर, आणि बघता बघता लाल पतंग मान टाकून कलंडला. गल्ली फुटली नुसती! काही जणांना कळेना, हा बाबा पतंग काटायच्या आधीच वकाट कसा ओरडला.

"हे काय न्यायाला धरून नाय हां, नाना!" गोरक्ष घाम पुसत म्हणाला. "हिनं अडवून वदवून घेतलं!"

मोतीराम टाकीवरून उतरला. "तोंड तुझंच ना? साऱ्या गल्लीनं ऐकलंय. शब्द म्हणजे शब्द." आणि मग लेकीकडे बघून हसू दाबत म्हणाला, "उद्याची एस.टी. सकाळची धर. राज सर वाट बघत असतील."

खाली अंगणात झुंबरआत्या पाव्हण्यांसाठी तांदूळ निवडत बसली होती. एवढा गलका ऐकून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि वर तोंड करून हाक मारली, "काय झालं गं? कुणाचा काटला?"

उज्वला उत्तर द्यायला पुढे झाली. पण तिच्या आधी कुसाबाई कठड्याशी पोचली होती. तिनं कठड्यावर दोन्ही हात टेकले, छाती भरून श्वास घेतला, आणि गल्लीनं जो आवाज आजवर कधी ऐकला नव्हता त्या आवाजात ती ओरडली:

"इगतपुरीचा काटला, वन्सं! वकाट!"